मेंदूचे चित्र आणि महिनाभराचा मुक्काम

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या रविवार पुरवणीत व्यसनाधीनतेवरील लेखासोबत मेंदूची दोन रंगीत चित्रे शेजारी शेजारी छापली होती. एकात लाल-पिवळा रंग भरलेला, दुसरे निळसर काळपट, आणि खाली ओळ होती : ‘निरोगी मेंदू व दारुड्याचा मेंदू’. व्यसन म्हणजे नुसता मनाचा दुबळेपणा नव्हे, ही लेखातील भूमिका मला पूर्ण मान्य आहे. मात्र तो अंक आल्यावर आठवडाभरात आमच्या गल्लीतील दोन घरांतून मला एकच विचारणा झाली : ‘आमच्या ह्यांचा असा फोटो कुठे काढून मिळेल आणि किती पैसे पडतील?’ मी चौतीस वर्षे एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात तंत्रज्ञ होतो. डार्करूममध्ये फिल्मा धुण्यापासून सुरुवात केली आणि निवृत्त झालो तेव्हा एमआरआयच्या खोलीत होतो. शिवाय माझा सख्खा धाकटा भाऊ एकोणीस वर्षे प्यायला. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे मला दोन्ही बाजूंनी भाग आहे, आणि ते दोन ओळींत मावत नसल्याने पत्र लांबले आहे.

असा फोटो बाजारात कुठेही काढून मिळत नाही, हे आधी सांगतो. ज्या जातीची ती चित्रे आहेत ती पेट स्कॅनची. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेवन नॅशनल लॅबोरेटरी नावाची प्रयोगशाळा आहे. तिथे डॉ. नोरा वोल्को, रसायनशास्त्रज्ञ जोआना फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाची पायाभरणी केली. वोल्को २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेच्या प्रमुख झाल्या. मेंदूत डोपामिन नावाचे ओढ आणि समाधान यांच्याशी निगडित रसायन ज्या ग्राहींवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसते, त्यांतल्या ‘डी-टू’ जातीच्या ग्राहींना चिकटणारे रॅक्लोप्राइड हे औषध घ्यायचे, त्याला कार्बन-११ हा किरणोत्सर्गी अणू जोडायचा आणि ते अत्यल्प मात्रेत शिरेतून द्यायचे. ते कुठे किती साचले ते यंत्र मोजते. कार्बन-११ दर वीस मिनिटांनी निम्मा उरतो, म्हणजे तो तयार करणारे सायक्लोट्रॉन हे यंत्र स्कॅनरच्या जवळच हवे. हे एवढे अवघड आणि खर्चिक असल्यामुळे या क्षेत्रातील कित्येक गाजलेले अभ्यास दहा-वीस माणसांवर झालेले आहेत. (जाता जाता एक सांगण्याजोगी गोष्ट. आज आपल्याकडे पेट स्कॅन म्हटले की लोकांना कर्करोग आठवतो. त्यासाठी वापरले जाणारे एफडीजी हे द्रव्य ब्रुकहेवनमध्येच तयार झाले आणि १९७६ मध्ये फिलाडेल्फियात माणसाला पहिल्यांदा दिले गेले ते मेंदू पाहण्यासाठी. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ मध्ये देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन बसले, तोवर या द्रव्याचे मुख्य काम बदलून गेले होते.)

या मंडळींना जे आढळले ते महत्त्वाचेच आहे. १९९० मध्ये कोकेनच्या, १९९६ मध्ये दारूच्या आणि २००१ मध्ये मेथॅम्फेटामिन या उत्तेजक अमली पदार्थाच्या व्यसनात त्यांना डी-टू ग्राहींची उपलब्धता सरासरीने कमी दिसली. ग्राही जितके कमी, तितके कपाळामागच्या भागाचे कामही मंद, हा संबंध कोकेनच्या रुग्णांत १९९३ मध्ये पुढे आला. कपाळामागचा हा भाग म्हणजे आपला ब्रेक. ‘आज नको, घरी मुलांची फी भरायची आहे’ हे सांगणारा. रोज डीजेच्या भिंतीपाशी उभे राहणाऱ्याला घरातले बोलणे ऐकू येईनासे होते, तसे काहीसे इथे होते. दारूचा आवाज तेवढा पोचतो. जेवणाची चव, पोरीचा निकाल, मित्राचे लग्न हे सगळे पोचेनासे होते आणि दारूवर लावायचा ब्रेकही झिजतो. माझ्या आईने वीस वर्षे ‘मनात आणलं तर सोडील तो’ हे एकच वाक्य म्हटले. मनात आणण्याचे जे यंत्र, तेच बिघडले आहे हे तिला कुणी सांगितले असते, तर तिने स्वतःला आणि त्यालाही थोडे कमी छळले असते. चित्रांचे हे ऋण मी मानतो.

पण वरच्या परिच्छेदात ‘सरासरीने’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे. व्यसनी गटाची सरासरी खाली असते. गटातला प्रत्येक माणूस खाली नसतो. कधीच न प्यालेल्या कित्येकांचे आकडे व्यसनी माणसांइतके कमी येतात आणि काही व्यसनी माणसांचे आकडे निरोग्यांच्या बरोबरीने येतात. छापलेले चित्र म्हणजे एक तर सरासरी असते किंवा फरक ठसठशीत दिसावा म्हणून निवडलेली जोडी. लाल आणि निळा हे रंगसुद्धा मेंदूचे नसून संगणकात मागाहून भरलेले असतात. तेच आकडे हिरव्या-जांभळ्यात दाखवले तर वाचक इतका दचकणार नाही. ब्रिटनमधील ३६,६७८ प्रौढांच्या एमआरआयवरून २०२२ मध्ये असे दिसले की, रोज एक-दोन युनिट (एक युनिट म्हणजे सुमारे आठ ग्रॅम शुद्ध मद्यार्क) दारू घेणाऱ्यांच्या मेंदूचे आकारमानही न घेणाऱ्यांपेक्षा सरासरीने किंचित कमी असते. इतक्या मोठ्या संख्येमुळेच तो बारीक फरक पकडता आला. समोर बसलेल्या एका माणसाच्या स्कॅनवरून तो किती पितो हे त्यातून वाचता येत नाही.

एफएमआरआयची, म्हणजे काम करत असलेल्या मेंदूच्या एमआरआयची, गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यात पेशींचे काम थेट दिसत नाही, रक्तातल्या प्राणवायूचा बदल दिसतो आणि त्यावरून अंदाज बांधला जातो. २००९ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे ‘दाखवली’ आणि आकडेमोडीत आवश्यक ती दुरुस्ती न केल्यास माशाच्या मेंदूतही ठिपके उजळलेले दिसतात हे सिद्ध केले. लोक त्यावर पोट धरून हसले, पण त्यातला इशारा खरा होता. पुढे २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका मोठ्या विश्लेषणाने दाखवले की मेंदूची रचना किंवा कार्य आणि माणसामाणसांच्या वागण्यातील फरक यांचा संबंध खात्रीने सांगायचा तर हजारो माणसे तपासावी लागतात. तेव्हा दहा-वीस माणसांवरचा निष्कर्ष आपल्या घरातल्या एकावर चिकटवताना हात आखडता घेतलेला बरा.

हात आखडता न घेतल्याने काय होते, त्याचा एक प्रसंग मी विसरू शकत नाही. पंधराएक वर्षांपूर्वी एक बाई नवऱ्याला एमआरआयसाठी घेऊन आल्या. कानातले गहाण ठेवून पैसे उभे केले होते, हे मागाहून कळले. नवरा चाळिशीचा, रोज संध्याकाळी क्वार्टर आणि सुटीच्या दिवशी सकाळपासून. त्याला टेबलावर झोपवून मी डोक्याभोवती कॉइल बसवत होतो, तर बाई दारातून म्हणाल्या, ‘मेंदूत दारू कुठवर गेलीय तेवढं नीट बघा, भाऊ.’ रिपोर्ट नॉर्मल आला. आठ दिवसांनी तो गृहस्थ एकटाच दुसरी प्रत मागायला आला, तोंडाला वास होता. पहिली प्रत बायकोने फाडून टाकली होती. ‘मेंदू ओके आहे असं डॉक्टरांनीच लिहून दिलंय ना, मग मला ते हवंय,’ असे तो शांतपणे म्हणाला. ज्या कागदाने त्याला भीती वाटावी म्हणून बाईंनी सोने गहाण ठेवले, तो कागद त्याला परवान्यासारखा खिशात बाळगायचा होता. नियमाप्रमाणे मी प्रत दिली.

याचा अर्थ पिणाऱ्या माणसाचे डोके कधी तपासूच नये असा कुणी घेऊ नये. डोक्यावर पडला असेल, फिट आली असेल, दारू सोडल्यानंतर किंवा पीत असतानाच भ्रमिष्टासारखा बोलत असेल, चाल लटपटत असेल किंवा डोळे तिरळे होऊ लागले असतील, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. डोक्यात साचलेले रक्त सीटी स्कॅनमध्ये दिसते. बी-वन जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या वेर्निके या आजाराच्या खुणा कधी कधी एमआरआयमध्ये दिसतात, आणि त्या दिसण्याची वाट न पाहता संशयावरूनच थायमिनचे, म्हणजे याच जीवनसत्त्वाचे, इंजेक्शन सुरू करावे लागते, कारण उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. ही तपासणी दारूने झालेल्या इजेची असते. व्यसन आहे की नाही, हे डॉक्टर समोर बसवून, घरच्यांना विचारून ठरवतात. त्याला यंत्र लागत नाही.

मग या सगळ्या संशोधनाचा आपल्याला उपयोग काय? माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट रंगीत चित्रात दिसतच नाही, कारण ती एका चित्राची गोष्ट नाही. तोच माणूस पुन्हा पुन्हा यंत्रात घातल्यावर जे दिसते, त्याची ती गोष्ट आहे. टोरांटोच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला. वर्षानुवर्षे प्यालेल्या आणि नुकतीच दारू सोडलेल्या रुग्णांचे सीटी स्कॅन काही काळाच्या अंतराने पुन्हा काढले, तर काहींचा आक्रसलेला मेंदू अंशतः भरून आलेला दिसला. तेव्हा सीटी यंत्रे नुकतीच आली होती. मेंदू एकदा गेला की गेला, अशीच सर्वांची समजूत होती. वोल्को यांच्या गटाने २००१ मध्ये मेथॅम्फेटामिन सोडलेल्या पाच जणांना पहिल्या सहा महिन्यांत आणि मग बारा ते सतरा महिन्यांच्या संयमानंतर तपासले. डोपामिन परत शोषून घेणाऱ्या वाहकांचे प्रमाण मेंदूच्या एका भागात १९ टक्के आणि दुसऱ्या भागात १६ टक्के वाढले होते, मात्र स्मरण आणि हालचालींच्या चाचण्यांत तितकी सुधारणा झालेली नव्हती. माणसे पाचच, हे वर मी म्हटले त्याच न्यायाने लक्षात ठेवावे. अलीकडे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी दारू सोडलेल्या ८८ जणांच्या मेंदूच्या सालीची, म्हणजे बाहेरच्या थराची, जाडी साधारण एक आठवडा, एक महिना आणि सव्वासात महिने अशा टप्प्यांवर मोजली. तपासलेल्या ३४ भागांपैकी २५ भागांत जाडी वाढत गेली. वाढीचा वेग पहिल्या महिन्यात जास्त होता, पण त्यांतले २४ भाग न पिणाऱ्यांच्या बरोबरीने दिसू लागले ते सात महिन्यांच्या अखेरीस. अर्थात ज्यांनी तोवर दारूला हात लावला नाही त्यांचेच हे मोजमाप आहे.

महिने मोजावे लागतात आणि आपली सारी व्यवस्था दिवस मोजते, हेच मला या पत्रातून सांगायचे आहे.

माझा भाऊ तीन वेळा तीन वेगवेगळ्या व्यसनमुक्ती केंद्रांत राहून आला. दर वेळी तीन-चार आठवडे. दर वेळी परत येताना चेहरा तुकतुकीत, वजन वाढलेले, देवासमोर शपथ. आणि दर वेळी दुसऱ्या महिन्यात पुन्हा बाटली. आम्ही त्याला खोटारडा म्हणत असू. आता वाटते की तो खोटे बोलत नव्हता. शपथ घेणारा माणूस खरा होता, पण शपथ पेलायचे यंत्र अजून अर्धेच दुरुस्त झाले होते आणि आम्ही त्याला त्याच रस्त्यावर सोडत होतो. त्याच्या बसथांब्यामागे एक परमिट रूम होती, तिच्या दाराशी उकडलेल्या अंड्यांची गाडी लागायची. कांदा आणि तिखट-मीठ लावलेल्या त्या अंड्याचा वास आला की आपण काही ठरवायच्या आतच हात खिशाकडे जातो, असे तो म्हणायचा. आम्हाला ती पळवाट वाटे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲना रोझ चाइल्ड्रेस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये कोकेनच्या २२ रुग्णांना यंत्रात झोपवून कोकेनशी संबंधित चित्रे फक्त ३३ मिलिसेकंद दाखवली. आपण काही पाहिले हे कळायलाही तेवढा वेळ पुरत नाही, तरी त्यांच्या मेंदूतील भावना आणि ओढ यांच्याशी निगडित भाग चाळवले गेले. हे मी वाचले त्या दिवशी भावाची मनात माफी मागितली. चौथ्या खेपेला केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी त्याला शहाणपणाचे चार शब्द सांगण्याऐवजी एकच करायला लावले : एक थांबा पुढे चालत जाऊन बस पकडायची. आणि दर आठवड्याला, पुढे दर पंधरवड्याला, असे दीड वर्ष त्याला केंद्राच्या पाठपुराव्याच्या सभेला यायला लावले. त्याच्या बायकोची, म्हणजे घरच्यांची, सभा वेगळी. या गोष्टीला आता अकरा वर्षे झाली.

व्यसन आधी की मेंदूतला फरक आधी, हा प्रश्नही चित्रांतून पुढे आला आहे. त्यावर थोडक्यात लिहितो, कारण घरोघरी त्याचे भलतेच अर्थ निघतात. अमेरिकेत जवळजवळ बारा हजार मुलांचा मेंदू नवव्या-दहाव्या वर्षापासून ठरावीक अंतराने तपासला जात आहे. त्यांतल्या ९,८०४ मुलांवरून २०२४ च्या अखेरीस असे मांडले गेले की पंधरा वर्षांच्या आत दारू, सिगारेट किंवा गांजा चाखणाऱ्यांच्या मेंदूरचनेतील बरेच फरक त्यांनी काही चाखण्याच्या आधीपासूनच होते. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने सहा ते तेवीस वर्षांच्या मुलांचा असाच अभ्यास देशात सात ठिकाणी उभा राहिला. ‘बाप तसा मुलगा, मेंदूच तसा’ असे यावरून म्हणणाऱ्यांना २००२ मधला माकडांवरचा अभ्यास सांगावा. एकेकटी ठेवलेली माकडे कळपात ठेवल्यावर ज्यांना कळपात वरचे स्थान मिळाले त्यांच्या डी-टू ग्राहींची मोजणी वीस टक्क्यांहून अधिक वाढली आणि पुढे कोकेन हाताशी ठेवले तेव्हा त्यांनी ते स्वतःहून कमी घेतले. खालच्या स्थानावरच्यांचे तसे झाले नाही. माकडे तीच होती, पिंजऱ्यातले स्थान बदलले होते.

आता आपल्या व्यवस्थेकडे येतो. एम्सच्या केंद्राने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळाली होती. ज्याला मिळते त्याला बहुधा दाखल होण्याचा महिना मिळतो, पुढचे वर्ष नाही. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून पाठपुरावा आणि घरच्यांच्या सभा यांचा जो आग्रह धरला, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या सभांत ‘फक्त आजचा दिवस’ म्हणत दारू सोडल्याच्या वर्षाचा वाढदिवस साजरा करण्याची जी रीत आहे, तिला स्कॅनरची गरज कधीच नव्हती. स्कॅनरने फक्त ती मंडळी बरोबर होती एवढे दाखवले. पैशाचीही एक गाठ आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था स्पष्टपणे घातल्या आहेत, आणि शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांना विम्याचे संरक्षण द्यावे असेही तोच कायदा सांगतो. आपल्यापैकी कुणीही आपल्या आरोग्यविम्याचा कागद काढून वगळलेल्या बाबींच्या यादीत बाराव्या सांकेतिक क्रमांकाची ओळ शोधावी. दारू, अमली पदार्थ किंवा कोणत्याही व्यसनावरचा उपचार आणि त्याचे परिणाम यांचा खर्च मिळणार नाही, असे तिथे बहुधा छापलेले सापडेल. कायदा आजार म्हणतो, विम्याचा कागद नाही म्हणतो, आणि आपण मात्र मेंदूची चित्रे दाखवून हा आजार असल्याचे लोकांना पटवत बसतो. या विसंगतीवर आपल्या वार्ताहरांनी एखादी मालिका केली तर ती मी कात्रण करून ठेवीन.

मेंदूची चित्रे जरूर छापावीत. खाली मात्र ती किती माणसांची सरासरी आहे किंवा किती जणांतून निवडलेली आहेत, आणि पिणे सोडून किती दिवस झाल्यावर काढलेली आहेत, हे बारीक अक्षरांत का होईना द्यावे. जमल्यास त्याच रुग्णांचे वर्षभरानंतरचे चित्रही शेजारी असावे. ‘दारुडा’ हा शब्द मथळ्यांतून गेला तर घरच्यांना बरे वाटेल. ती चित्रओळ वाचून माझ्या भावाने अंक घडी घालून ठेवून दिला आणि चहा न घेताच कामावर गेला. आणि अशा लेखाखाली चौकटीत केंद्रांचे फोन क्रमांक देता, तिथे दाखल होण्याच्या क्रमांकासोबत पाठपुराव्याची सभा कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे भरते, तेही छापावे. मला विचारायला आलेल्या दोन्ही घरांना मी गुरुवारी संध्याकाळी साडेसहाची सभा सांगितली आहे. त्यांतले एक घर येऊन गेले.

आपला,
एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ,
नाशिक